कोरोना-वॉर्न-अ‍ॅप: लाल चौकोन, पण नाव-गाव नाही

कोरोना झालेल्या कोणाच्या जवळ येऊन गेलात, असा इशारा फोनवर देणारं जर्मनीतलं हे अ‍ॅप २०२३च्या मे महिन्यापासून इशारे देत नाही. तरी लिहितेय, कारण पुढच्या साथीत असलंच काहीतरी फोनमध्ये घ्यायला सांगतील.

१६ जून २०२०ला ते आलं, त्याच आठवड्यात मी घेतलं. तेव्हा वृद्धाश्रमात रात्रपाळी करायचे. नाव विचारलं नाही, नंबर नाही, ई-मेल नाही. जवळ आलेले फोन ब्लूटूथवरून एकमेकांना सतत बदलणारे सांकेतिक आकडे देत, आणि ते आपापल्या फोनमध्येच राहत. सरकारच्या मनात आधी एकाच सर्व्हरवर सगळं गोळा करायचं होतं. तज्ज्ञांनी विरोध केला, एप्रिलमध्ये बेत बदलला. अ‍ॅपचा प्रोग्रामही सगळ्यांना वाचायला खुला ठेवला.

त्रास एकच: जुन्या अँड्रॉइडवर लोकेशन चालू ठेवावं लागे. अ‍ॅप ते वापरत नसे, अट अँड्रॉइडची होती. पण हे सहकाऱ्यांना पटवताना माझा घसा कोरडा पडला.

नोव्हेंबरात अ‍ॅपमधला माझा हिरवा चौकोन लाल झाला, म्हणजे धोका वाढला. किती दिवसांपूर्वी संपर्क आला, एवढंच. कुठे, कोणामुळे, काही नाही. खूप चिडले. कोणाकोणाच्या खोलीत गेले होते, ते रात्रभर आठवत बसले. जानेवारीत मी स्वतःच पॉझिटिव्ह आले. इतरांना कळवायचं का, असं अ‍ॅपने विचारलं. मी लगेच हो म्हटलं, कारण माझंही नाव कुणाला कळणार नव्हतं.

लुका नावाचं दुसरं अ‍ॅप हॉटेलात नोंद करायला नाव-पत्ता घ्यायचं. माइन्झच्या पोलिसांनी एका मृत्यूच्या तपासात साक्षीदार शोधायला तीच माहिती वापरली. कायद्याचा आधार नव्हता. कोरोना-वॉर्नकडे मुळात द्यायला काही नव्हतंच.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो अ‍ॅपमुळे नव्हे, त्याच्यामागे कायदा नव्हता म्हणून. ऑस्ट्रेलियाने २०२०मध्येच कायदा केला: तिथलं अ‍ॅप वापरण्याची सक्ती करणं हा गुन्हा. जर्मनीत असा वेगळा कायदा झाला नाही. अ‍ॅप ऐच्छिक आहे असं सगळीकडे लिहिलेलं होतं, तरी आमचे वरिष्ठ पाळीच्या आधी दारात उभे राहून म्हणायचे, "फोन दाखवा, हिरवं आहे ना?"

मी दाखवला. नोकरी नवी होती, व्हिसा तिच्यावरच होता.