माशांच्या गाडीची चासी आणि इपॉक्सी प्रायमर: अकरा महिन्यांनंतर

रविवारी सकाळी गाडी वॉशिंगच्या रॅम्पवर चढवली आणि टॉर्च घेऊन खाली शिरलो. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग मारून अकरा महिने झाले. त्यात अख्खा एक पावसाळा गेला आणि रोजचं टपकणारं माशांचं पाणी होतंच. डाव्या बाजूचा दीड फुटाचा तुकडा सोडला तर रंग जागेवर आहे. तो दीड फूट का गेला हे मला नेमकं कळलंय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी पिकअप, नऊ वर्षांची. माल दिवाळे कोळीवाड्यातून भरायचा, कधी उरणकडे करंजाहून, आणि वाशी, कोपरखैरणे, ऐरोली करत ठाण्यापर्यंत पोचवायचा. बर्फ वितळतो, त्यात माशांचं खारं पाणी मिसळतं आणि हौद्याच्या फटींतून ते सरळ चासीवर उतरतं. रात्री गाडी खाडीकाठी उभी. उधाणाच्या दिवसांत जेट्टीच्या उतारावर माल भरताना मागची चाकं पाण्यात असतात. भाजीची आणि माशांची गाडी एकाच वर्षी घेतली असली, तरी पाच वर्षांनी दोन्ही खालून बघा. एका वयाच्या वाटणार नाहीत.

याआधी दोन उपाय करून झाले होते. पहिला, रेड ऑक्साइड आणि वर काळा इनॅमल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गाडी दारात उभी असते, म्हणून तेव्हाच काम काढलं. आमच्याकडे बरेचजण असंच करतात. पण जुलैत आपल्याकडे घरातल्या भिंतींनाही ओल सुटते. दिवाळीपर्यंत रंगाला फोड आले. नखानं उचलला की खाली तांबूस चिखल.

दुसऱ्यांदा एका दुकानात रबरासारखं जाड अंडरकोटिंग मारून घेतलं. गाडी दोन दिवसांत हातात आणि खालून नव्यासारखी. दीड वर्षानं स्टेपनीच्या वर ते लोंबायला लागलं. ओढलं तर पंजाएवढा तुकडा निघाला आणि त्याला लोखंडाचे पापुद्रे चिकटलेले. ते कोटिंगच वाईट असं मी म्हणणार नाही. नव्या गाडीच्या स्वच्छ पत्र्यावर मारलं तर खडीचा मार ते चांगला सोसतं. गंजावर मारलं की ओल आत कोंडते आणि वरून काहीच दिसत नाही. जळकं ऑइल फासणारेही पुष्कळ आहेत. त्यानं काही महिने निघतात, पण धूळ बसून लेप होतो, रबरी बुश खराब होतात, आणि पावसात ते ऑइल गटारातून आपल्याच खाडीत जातं. आमचं पोट त्या खाडीवर आहे, मी ते कधी लावलं नाही.

माझा मावसभाऊ रबाळे एमआयडीसीत टाक्यांच्या रंगकामावर आहे. त्यानं चासी पाहिली, बोट फिरवलं आणि म्हणाला, “दादा, आधी मीठ काढ. रंगाचं नंतर बोलू.”

माझी समजूत अशी होती की गंज घासला की काम झालं. पण खड्ड्यांच्या तळाशी मीठ बसलेलं असतं आणि ते ब्रशनं निघत नाही. ब्रशनं उलट वरचा गंज चकचकीत होतो आणि साफ झाल्यासारखं वाटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे रंगाखाली चिमूटभर मीठ राहिलं, तर गाडी छपराखाली उभी असली तरी तिथे पाणी तयार होणार. कोणताही रंग वाफ शंभर टक्के अडवत नाही, थोडी थोडी आत जातेच. मीठ ती धरून ठेवतं, फोड येतो, फोडाखाली गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलून उचलतो. माझा पहिला रंग असाच गेला. त्यात डब्याचा दोष नव्हता.

या वेळी काम नोव्हेंबरात काढलं, तेही भांगाचे दिवस बघून, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते ते दिवस. भांगात पाण्याला ओढ कमी, डोलीला (प्रवाहात लावून ठेवायच्या जाळ्याला) मासळी कमी, त्यामुळे गाडी पाच-सहा दिवस उभी राहिली तरी धंद्याचं फार नुकसान झालं नाही. तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा, भाड्यानं घेतला.

पहिला दिवस नुसता धुण्यात गेला. गोड्या पाण्याचा प्रेशर, साबण, परत पाणी. मग ग्राइंडरला कप ब्रश लावून घासलं, खड्ड्यांत हातानं ८० नंबरचा पॉलिश पेपर, आणि पुन्हा धुतलं. भावानं एक खूण सांगितली: धुऊन, सुकवून रात्रभर सोडायचं आणि उजाडताच बघायचं. बाकी लोखंड कोरडं असताना ज्या जागा दमट, गडद दिसतात, तिथे मीठ आहे. मागच्या क्रॉस मेंबरवर (चासीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर) असे तीन डाग आले. परत धुतलं, परत रात्र. दुसऱ्या सकाळी एकच डाग राहिला. एकूण चार वेळा धुतली. रात्रीत उघड्या लोखंडावर नारिंगी पूड धरायची, ती दर वेळी पेपरनं काढली. हे काम कंटाळवाणं आहे, हात भरून येतात आणि गॅरेजवाल्याला वाटतं हा माणूस उगाच पाणी घालवतोय. तरीही सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

घासून झाल्यावर हातोडीनं सगळीकडे ठोकून पाहिलं. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं भद्द वाजतं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या कंसाजवळ हातोडी आत रुतली. तिथलं कापून जाड पत्र्याचा पॅच वेल्डिंग करून घेतला, आधी बॅटरीचे टर्मिनल काढून. ही वजन पेलणारी जागा आहे, तिथे चासीचं काम करणारा वेल्डरच हवा. ग्रील बनवणाऱ्याकडून करून घेऊ नका.

उरलेल्या खड्ड्यांत फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं. गंज काळपट करडा झाला. डब्यावर लिहिल्याप्रमाणे ते पुसून, धुऊन, पूर्ण सुकू दिलं. मग थिनरनं दोनदा पुसलं, दर वेळी नवं फडकं घेऊन. तेच फडकं फिरवलं की तेल फक्त जागा बदलतं.

आता मुख्य माल. मी घेतला तो दोन डब्यांचा इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर, चार लिटरचा सेट. कंपनीपेक्षा डब्यावरचे हे शब्द बघा. दुकानदार झिंक-रिच नावाचा करडा प्रायमरही पुढे करेल. तो वेगळा. त्यातलं जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, पण त्यासाठी जस्ताचा उघड्या, स्वच्छ लोखंडाला स्पर्श व्हावा लागतो. सँडब्लास्ट केलेल्या चासीवर तो उत्तम. खड्डे पडलेल्या, कन्व्हर्टर लावलेल्या माझ्या चासीवर पैसे वाया गेले असते.

बेस (मूळ रंग) आणि हार्डनर (त्याला कडक करणारा दुसरा डबा) डब्यावरच्या प्रमाणातच घ्यायचे, अंदाजानं नाही. हार्डनर जास्त घातला की लवकर कडक होतो ही गैरसमजूत आहे, उरलेला हार्डनर रंगाला कमजोरच करतो. मिसळून थोडा वेळ थांबायचं आणि दोन-अडीच तासांत संपेल एवढाच कालवायचा. मुख्य हाताच्या आधी वेल्डिंगच्या रेषा, बोल्टची डोकी आणि पत्र्याच्या कडा यांवर छोट्या ब्रशनं एक हात वेगळा द्यायचा. कडेवरून ओला रंग मागे सरकतो, तिथे थर पातळ पडतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. एमआयडीसीत याला स्ट्राइप कोट म्हणतात. नंतर दोन पूर्ण हात. भावानं रंगाच्या थराची जाडी मोजायचं मीटर आणलं होतं, दोन हातांनंतर बहुतेक ठिकाणी १५० ते १७० मायक्रॉन आले. इपॉक्सी उन्हात भुकटीसारखा सुटतो, म्हणून वर काळ्या पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) एक हात. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा होऊ शकतो. तोंडाला रुमाल बांधून हे काम करू नका, कार्ट्रिजचा मास्क घ्या. मी फवारा मारलाच नाही, सगळं ब्रशनं केलं.

आता तो दीड फूट. दुसरा हात चालू असताना संध्याकाळ झाली. मागची डावी बाजू राहिली होती, रंग कालवून ठेवला होता, टाकून देववेना. दिवे लावून मारला. लोखंड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश गरम आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत, हा नियम भावानं सकाळीच सांगितला होता. नोव्हेंबरात सूर्य कलला की खाडीकाठचं लोखंड झपाट्यानं गार होतं. सकाळी तेवढ्याच भागावर दुधट, चिकट साय आली होती. ओल्या हवेत इपॉक्सीचा हार्डनर असा वर येतो. गरम साबणाच्या पाण्यानं धुऊन, पेपर मारून मगच पुढचा हात द्यायला हवा होता. मी कोरड्या फडक्यानं पुसलं आणि पीयू मारला. जुलैत तो कांद्याच्या सालीसारखा सोलून निघाला. नशिबानं खालचा पहिला हात धरून राहिला, म्हणून लोखंड अजून वाचलंय.

बाकी चासीची हकीकत अशी. बाहेरच्या बाजू आणि मागचा क्रॉस मेंबर, जिथे पाणी सगळ्यात जास्त पडतं, तिथे एकही फोड नाही. मला हे अजून खरं वाटत नाही. मागच्या चाकांसमोर खडीनं टिकल्या उडाल्यात, प्रत्येकीत गंजाचा ठिपका आहे, पण चाकूनं खरवडलं तर रंगाखाली तो पसरलेला नाही, जेवढ्यास तेवढा. जुन्या इनॅमलखाली असा एक ठिपका दोन महिन्यांत रुपयाएवढा व्हायचा. पाट्यांवरचा रंग गेला, तो जाणारच, पाटे सतत एकमेकांवर घासतात. चासीच्या पुढच्या बंद भागात पातळ नळीनं कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागात सोडायचं मेण, सोडलं होतं. पाणी निघायच्या भोकातून कॅमेरा घालून पाहिलं, आत अजून मेणचट थर आहे. ती भोकं मेणानं किंवा रंगानं बुजू देऊ नका.

वाईट जागा एकच, हौदा आणि चासी यांच्यामधलं पॅकिंग. तिथे ब्रश पोचलाच नाही आणि आता तांबडे ओघळ दिसतात. हौदा उतरवायला क्रेन लागली असती म्हणून टाळलं. ज्यांना जमेल त्यांनी उतरवून घ्या.

एक गोष्ट बरेच जण विसरतात: चासी नंबर. त्यावर जाड इपॉक्सी बसला तर आरटीओच्या फिटनेस तपासणीला त्या नंबरची पेन्सिलची छाप उठत नाही आणि मग तासभर खरवडत बसावं लागतं. त्यावर मास्किंग टेप लावा, नंतर ग्रीसचा हात. ब्रेकचे होज, सायलेन्सर, रबरी बुश यांनाही रंग लागू देऊ नका. मे महिन्यात वाशीला फिटनेस झालं, नंबर स्वच्छ उठला.

खर्च मला सगळा मिळून साडेअकरा हजार आला. त्यात वेल्डिंग आणि पिटचं भाडं धरलंय, माझी आणि भावाची मजुरी नाही. अंडरकोटिंगच्या दुपटीहून जास्त, आणि सहा दिवस गाडी बंद.

रंगाइतकाच उपयोग मात्र दुसऱ्याच गोष्टीचा झाला. हौद्याच्या तळाला पत्रा टाकून एका कोपऱ्याकडे उतार दिला आणि तिथून पीव्हीसी पाइप खाली टांगलेल्या कॅनमध्ये सोडला. आता वितळलेलं पाणी चासीवर जवळजवळ पडतच नाही आणि सिग्नलला मागच्या दुचाकीवाल्यावरही उडत नाही. रोज दुपारी कॅन रिकामा करताना हातात येणारं वजन बघितलं की कळतं, हे सगळं नऊ वर्षं कुठे जात होतं.

येत्या भांगात तो दीड फूट काढणार आहे. साबणानं धुऊन, पेपर मारून, सकाळी दहा ते तीनच्या मध्ये.