सी हॅरियरच्या मॉडेलसाठी तामियाचा एक्सएफ-५४ रंग, आपल्याला तरी आवडला
वास्कोत राहतो, बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममधलं सी हॅरियर हे लढाऊ विमान लहानपणापासून बघतोय, म्हणून त्याचं १/७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मॉडेल किट घेतलं. आधी दुसऱ्याच एका कंपनीचा पाण्यावरचा रंग एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) मारला तर नोझलच्या टोकावर सुकून सारखा अडकायचा, डोकंच फिरलं. मग तामियाचा हा गडद राखाडी आणला, १० मिलीची बाटली, त्यांच्याच एक्स-२०ए थिनरमध्ये साधारण निम्मा-निम्मा, दुधाइतका पातळ, हवेचा दाब १५-२० पीएसआय, हलके हलके तीन हात आणि काय सुरेख मॅट बसतो! हाताने ब्रश मारायचा असेल तर मात्र हा घेऊ नका, पट्टे उठतात. अन् पावसाळ्यात मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) लावाच, नाहीतर आपल्या दमट हवेत रंगाबरोबर पाण्याचे थेंबपण पंखावर उडतात (माझे उडाले, परत घासत बसलो).