नॅरोबोटीचा नंबर खरा होता, तरी मी फसलो

पुण्यात वाढलेल्या माणसाला एक खोड असते. पुढच्या गाडीची पाटी दिसली की एमएच १२ नंतरची अक्षरं वाचून गाडी कोणत्या सालची असेल ते मनातल्या मनात ठरवायचं. इंग्लंडला आल्यावर माझी ही खोड आणखी बळावली, कारण इथल्या मोटारींच्या पाटीवर २००१ पासून साल जवळजवळ लिहिलेलंच असतं. ०८ म्हणजे मार्च २००८ पासूनची, ५८ म्हणजे त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासूनची. शिवाय जुन्या गाडीवर नव्या सालाची पाटी लावून तिला तरुण दाखवायला बंदी आहे. या खोडीपायी मी ३६ हजार पौंड घालून नॅरोबोट, म्हणजे इथल्या कालव्यांतली लांब चिंचोळी बोट, घेतली. बोट अजून तरंगते आहे, बुडालो मी.

लंडनचं भाडं झेपेना म्हणून ग्रँड युनियन कालव्यावर बोटीत राहायचं ठरवलं. सत्तावन्न फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद, आत शेगडी, पलंग, सगळं. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘नोंदणी २००५’. हे दोन शब्द मी ‘बांधणी २००५’ असे वाचले. विकणाऱ्यानेही मला सावरलं नाही. मी साल विचारलं तेव्हा त्याने खिडकीतल्या नंबराकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ‘नंबरच बघ ना, सगळं सांगतो तो.’ पाचाने सुरू होणारा सहा आकडी नंबर. बोटवाल्यांच्या गप्पांत मी ऐकलं होतं की पाच आकडी नंबर जुने आणि पाचाने सुरू होणारे सहा आकडी त्यानंतरचे. मला वाटलं, झालं काम.

आता हा नंबर म्हणजे काय, ते पैसे गेल्यावर शिकलो. इथल्या बहुतेक कालव्यांवर परवाना देण्याचं काम कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे, २०१२ च्या आधी ते ब्रिटिश वॉटरवेजकडे होतं. बोट त्यांच्या वहीत पहिल्यांदा चढते तेव्हा तिला इंडेक्स नंबर मिळतो आणि तो जन्मभर तिचाच राहतो. मालक बदलो, रंग बदलो, नाव बदलो, नंबर तोच. ढोबळमानाने नंबर चढत जातात, हेही खरं. पण ते बोट वहीत आली त्या क्रमाने चढतात, लोखंड कापलं गेलं त्या क्रमाने नव्हे. टेम्सचा भरती-ओहोटी नसलेला भाग एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या ताब्यात आहे, तिथली नोंदणी वेगळी. वीस वर्षं टेम्सवर काढून कालव्यात आलेल्या म्हाताऱ्या बोटीलाही कोरा करकरीत नंबर मिळतो. माझ्या बोटीचं हेच झालं होतं. त्यात नंबराचा काहीच खोटेपणा नाही.

खरं साल शोधायला दुसरी जागा आहे. जून १९९८ नंतर विकायला बांधलेल्या बोटीच्या हलवर, म्हणजे तिच्या बाहेरच्या सांगाड्यावर, चौदा अक्षर-आकड्यांची ओळख कोरलेली असायला हवी आणि तिच्या शेवटच्या चारांत बांधणीचा महिना आणि साल असतं. (स्वतःसाठी बांधलेल्या बोटींना यातून सूट होती, म्हणजे इथेही पळवाट आहेच.) मी ती विचारली होती. उत्तर आलं, ‘मागच्या बाजूला आहे, काळ्या डांबराखाली दबली असेल.’ इथे मात्र तो धडधडीत खोटं बोलला आणि मी मान डोलावली.

आपल्याकडच्या आरसी बुकासारखं काही बोटीला नसतं, हे तर मला माहीतच नव्हतं. लायसन्स म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. त्याने मला बोट सेफ्टीचं प्रमाणपत्र दाखवलं आणि मी खूश. ते चार वर्षांतून एकदा होतं आणि त्यात गॅस, वायरिंग, डिझेल, आगीचा धोका असलं पाहतात. तळाचं लोखंड किती उरलंय ते त्यात कुणी पाहत नाही.

सहा महिन्यांनी विमा कंपनीने सर्व्हे, म्हणजे बोटीची तपासणी, मागितला, म्हणून बोट ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, घेतली. सर्व्हेअरने ठिकठिकाणी डांबर खरवडून लोखंड उघडं केलं, जेल लावून जाडी मोजायचा मीटर टेकवला आणि खडूने तिथेच मिलिमीटरचे आकडे लिहीत गेला. बसून पाहत होतो. ४.६. ४.२. मग एका ठिकाणी ३.१. अलीकडच्या बऱ्याच नॅरोबोटींचा तळ दहा मिलिमीटरचा असतो, बाजू सहाच्या. चारच्या खाली गेलं की विमावाले नाक मुरडतात. पाण्याच्या रेषेशी त्याने हातोडी मारली तर आवाज टणटण यायचा सोडून भद्द आला. तिथे वरून दुसरा पत्रा ठोकून रंगवला होता. ‘ही २००५ ची नाही,’ एवढंच म्हणून तो पुढचा आकडा लिहायला वाकला. चौदा अक्षरं कुठेच नव्हती, डांबराखालीही नाहीत.

नंतर इंजिनामागचं फळकूट काढताना तेलकट कापडात गुंडाळलेली एक वही सापडली. तेल बदलल्याच्या नोंदी, निळ्या शाईत. पहिली तारीख मे १९८६ ची.

लायसन्सचा किस्सा वेगळाच. ‘मार्चपर्यंतचं भरलेलं आहे’ असं सांगून विकणाऱ्याने माझ्याकडून वरचे सहाशे पौंड घेतले होते. बोट विकली की नंबर तिच्याबरोबर जातो, लायसन्स जात नाही. नव्या मालकाने नवं काढायचं आणि जुन्याने उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागायचे. त्याने ते मागितले असणारच. माझे सहाशे मात्र फुकट गेले.

वकिलाने सगळे मेसेज वाचले आणि विचारलं, ‘बांधणीचं साल त्याने लिहून कुठे दिलंय?’ कुठेच नाही. ‘नोंदणी २००५’ खरंच होतं. डांबराखालच्या अक्षरांची गोष्ट तोंडी होती. इंग्लंडमध्ये छोट्या दाव्यांच्या कोर्टात दहा हजार पौंडांपर्यंतच जाता येतं, त्यावर गेलं की खर्चच अंगावर येतो. माझं नुकसान दहाच्या बरंच वर होतं आणि त्याचा फोन तोवर बंद झाला होता.

जो सर्व्हे मी सहा महिन्यांनी केला, तो पैसे देण्याआधी करून घेतला असता तर डॉकसकट हजारभर पौंडांत भागलं असतं. सर्व्हेअर मात्र स्वतः शोधा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणि साल विचाराल तेव्हा ‘बांधणी’ हा शब्द लिहून घ्या, मेसेजवर का होईना.

बोट अजून माझीच आहे, नवा पत्रा लावून घेतलाय. ती तेलकट वही खिडकीशी ठेवली आहे, नंबराच्या पाटीला लागूनच. विकायची वेळ आली की दोन्ही एकत्र दाखवीन.