प्रदर्शनासाठी कोपर की खांदा?

भाचीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सांध्याचं मॉडेल मांडायचंय. कोपराचा बिजागरीचा सांधा की खांद्याचा उखळीचा, यावर गाडी अडलीय.

खर्च दोन्हीकडे किरकोळ. कोपराला दोन लाकडी पट्ट्या, खिडकीची बिजागरी, चार स्क्रू. खांद्याला प्लॅस्टिकचा चेंडू, काठी नि नारळाच्या करवंटीचा उथळ तुकडा. (अख्खी खोल करवंटी घेतलीत तर खांदा नाही, खुबा होईल!)

हालचालीत खांदा सरस: पुढे-मागे, बाजूला, शिवाय गोल. कोपर एकाच दिशेत मिटतं-उघडतं, साधारण 145 अंशांपर्यंत. तळहात पालथा होतो तो मात्र या बिजागरीमुळे नव्हे. कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावरून फिरतं म्हणून. परीक्षक नेमकं हेच विचारतील.

टिकाऊपणात कोपरच. खांद्याची खोबण उथळ, चेंडू सारखा निसटणार. खरा खांदाही म्हणूनच मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा निखळतो. त्याला स्नायू आणि अस्थिबंध धरून ठेवतात. मॉडेलमध्ये ते काम रबरबँडकडून करून घेताना नाकी नऊ येतात.

एका संध्याकाळी उरकायचं असेल तर कोपर. हाताशी आठवडा आणि समजावून सांगायची हौस असेल तर खांदा, फक्त जादा रबरबँड सोबत न्यावेत.