आठ महिने, दोन एक्सट्रॅक्शन शूटर आणि "अजून एक खोली"

एस्केप फ्रॉम टार्कोव्ह या व्हिडिओ गेममधल्या कस्टम्स नकाशावर क्रॉसरोड्सचा एक्झिट समोर दिसत होता. बॅगेत दोन ग्राफिक्स कार्डं, अंगावर मेलेल्या शत्रूचं उतरवून घेतलेलं चिलखत, घड्याळात भरपूर वेळ. वाटेत झुडपाशी एक प्रेत पडलेलं होतं. माझ्या बॅगेत एक खानाही रिकामा नव्हता, तरी मी वाकलो. त्याच्या बॅगेत काय होतं ते कळलंच नाही, कारण बॅग उघडायच्या आत मागून गोळी आली आणि स्क्रीन काळी झाली.

कार्डं सिक्युअर कंटेनरमध्ये, म्हणजे मेल्यावरही आतलं सामान वाचवणाऱ्या पेटीत, का नव्हती? तिथे मी पट्ट्या, वेदनाशामक गोळ्या आणि दोन चाव्या कोंबल्या होत्या. सुरुवातीच्या अल्फा कंटेनरला चारच खाने. ग्राफिक्स कार्डाला दोन लागतात. तो सगळा पसारा फेकला असता तर दोन्ही कार्डं वाचली असती. हे गणित मला मेल्यावर सुचलं.

गेले आठ महिने मी जवळजवळ हेच खेळतोय. आधी एस्केप फ्रॉम टार्कोव्ह, मग त्याच्या जोडीला आर्क रेडर्स. टार्कोव्ह 2017 पासून बीटामध्ये, म्हणजे चाचणी आवृत्तीत, होता, 1.0 आवृत्ती आली 15 नोव्हेंबर 2025 ला. आर्क रेडर्स त्याच्या पंधरवडा आधी, 30 ऑक्टोबरला आला. ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्वतःचं सामान घेऊन नकाशात उतरायचं, लूट गोळा करायची आणि ठरलेल्या जागेवरून जिवंत बाहेर पडायचं. बाहेर पडलात तर सगळं तुमचं. मेलात तर नेलेलं आणि मिळवलेलं, दोन्ही गेलं. नेमबाजीबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, माझी नेमबाजी लिहिण्यासारखी नाहीही. मला लिहायचंय ते माल सांभाळण्याबद्दल.

त्या कार्डांच्या प्रसंगानंतर मी एक वही घातली. प्रत्येक रेडनंतर, म्हणजे नकाशातल्या एकेका फेरीनंतर, तीन नोंदी: काय घेऊन गेलो, काय घेऊन आलो, आणि मेलो असेन तर मरायच्या दोन मिनिटं आधी काय करत होतो. पहिल्या दोन रकान्यांचा फारसा उपयोग झाला नाही. तिसऱ्याने डोळे उघडले. माझी समजूत होती की मी गोळीबारात हरतो. हरतोच म्हणा, पण वहीत वारंवार येत होतं ते वेगळंच. "बॅग भरली होती, अजून एक खोली बघायला गेलो." "निघालो होतो, आवाज आला म्हणून परत फिरलो." "एक्झिटपाशी पोचून सामान लावत बसलो." म्हणजे माझा माल शत्रूने नेला खरा, पण त्याच्यासमोर नेऊन ठेवला मीच.

तेव्हापासून निघायची अट मी आत शिरायच्या आधी ठरवतो. एक महागडी वस्तू किंवा अर्धी बॅग, आधी जे होईल ते. अट पुरी झाली की लूट बंद, तोंड एक्झिटकडे. लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात हाताला खाज सुटते, कारण रेडमध्ये पुढची खोली नेहमी आताच्या खोलीपेक्षा श्रीमंत वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे वस्तूची किंमत तिने अडवलेल्या खान्यांनी भागायची. टार्कोव्हमध्ये हे शिकायला मला दोन महिने लागले. कारची बॅटरी सहा खाने खाते आणि वर वजनाने पाय जड करते. बिटकॉइन किंवा एलईडीएक्ससारखं महागडं वैद्यकीय उपकरण एका खान्यात बसतं. नवा माणूस (म्हणजे मी) मोठी वस्तू दिसली की खूश होतो, मुरलेला खेळाडू डोळ्यांनीच भागाकार करून पुढे जातो. बॅग भरल्यावरही खेळ संपत नाही. मग आतल्या सगळ्यात कमी किमतीच्या मालाशी नव्या वस्तूची तुलना करायची आणि पटलं तर अदलाबदल. ही अदलाबदल उघड्यावर करायची नाही, हे मात्र मी अजून पुरतं शिकलेलो नाही. सामान लावताना स्क्रीनवर खानेच खाने असतात आणि कान असून आपण बहिरे होतो.

कंटेनरबद्दल माझं मत पार बदललं. गॅमाला नऊ खाने, कप्पाला बारा, पण कप्पासाठी खेळातलं कलेक्टर नावाचं काम पुरं करावं लागतं आणि तो डोंगर आहे. आधी वाटायचं मोठा कंटेनर म्हणजे सुटकेचा श्वास. तसं होत नाही. मोठा मिळाला की आपण त्यात औषधं, गोळ्या, चाव्यांची पेटी असा संसार मांडतो आणि ऐनवेळी पुन्हा जागा नाही. आता मी दोन खाने कायम रिकामे ठेवतो. काही मिळो न मिळो, ते दोन खाने लुटीचे.

विम्याची गंमत वेगळी. सामानाचा हा विमा खेळातले दोन व्यापारी करतात: थेरपिस्टकडे महाग पडतो पण सामान लवकर येतं, प्रापोर स्वस्तात करतो पण वाट बघायला लावतो. दोघांचीही अट एकच: तुमचं सामान कोणी उचलून बाहेर नेलं नाही, तरच ते परत येणार. त्यामुळे देखण्या, महागड्या बंदुकीचा विमा बहुतेक वेळा पाण्यात जातो, कारण ती कोण सोडेल? परत येतं ते कमी किमतीचं हेल्मेट, छातीवर बांधायचा जुना रिग, साधी रायफल. मी काही दिवस चिलखतावर पैसे ओतले आणि मग लक्षात आलं की विमा करावा तो मध्यम मालाचा, ज्याला दुसरा हात लावणार नाही पण मला मात्र पुन्हा विकत घ्यावा लागेल. लॅब नावाच्या नकाशात तर विमा चालतच नाही आणि आत जायला कीकार्ड लागतं ते वेगळं. तिथे जाताना सामान गेलं असं समजूनच उतरायचं.

विमा खरा उपयोगी पडतो तो दोघांनी खेळताना. माझा एक मित्र कायम बरोबर असतो. मी पडलो की तो माझी बंदूक उचलून दाट झुडपात फेकतो, म्हणजे ती कोणाला सापडत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टपालाने परत येते. सुरुवातीला तो माझ्या प्रेतापाशी येऊन सगळं गोळा करत बसायचा आणि तोही मरायचा. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, तू निघ. माझं विम्यात आहे. तुझ्या बॅगेत काय आहे ते सांभाळ." तो म्हणाला, "तुझा स्कोप घेऊ का तेवढा?" स्कोप घेताना मेला.

आर्क रेडर्समध्ये विमा नाही. त्यामुळे तिथलं गणित जास्त स्वच्छ वाटतं. ऑगमेंटनुसार, म्हणजे किती सामान नेता येईल हे ठरवणाऱ्या उपकरणानुसार, सेफ पॉकेट मिळतात, त्यात ठेवलेलं मेल्यावरही राहतं, बाकी सगळं जातं. रेड जास्तीत जास्त तीस मिनिटांची आणि वेळ जाईल तसे परतीचे रस्ते एकेक करून बंद होतात. म्हणजे "अजून एक खोली" याची किंमत खेळच तुम्हाला दाखवतो: जो एलिव्हेटर जवळ होता तो बंद झाला, आता अख्खा नकाशा ओलांडून जा. एलिव्हेटर बोलावला की आवाज लांबपर्यंत जातो, मग आजूबाजूचे सगळे तिकडे बघतात, शत्रू यंत्रंही आणि माणसंही. जखमी होऊन पडलेल्या अवस्थेत सरपटत आत शिरलं तरी बाहेर पडता येतं. यामुळे मी दोनदा वाचलोय आणि दोन्ही वेळा खुर्चीतून उठून ओरडलोय.

इथे फुकटचा लोडआउट, म्हणजे खेळानेच दिलेलं सामान, घेऊन उतरता येतं. पहिले काही आठवडे मी त्याच्याच आहारी गेलो. घरचं काही जात नाही ना, मग काय, घुसा कुठेही. या सवयीने माझं जितकं नुकसान केलं तितकं कोणत्याही शत्रूने केलं नसेल. फुकट उतरलो म्हणून बॅगेत आलेला ब्लूप्रिंट (वस्तू बनवायचा आराखडा) फुकटचा ठरत नाही, पण माझं मन त्याला फुकटचाच धरायचं. "आपलं काय जातंय" म्हणत मी तो ब्लूप्रिंट घेऊन भांडणं उकरून काढायचो. शिवाय फुकटच्या लोडआउटला सेफ पॉकेट नसतं, म्हणजे सापडलेली वस्तू लपवायला जागाच नाही. रेडच्या कोणत्याही क्षणी पणाला लागलेलं असतं ते आत्ता बॅगेत असलेलं. सोबत काय आणलं होतं याचा त्याच्याशी संबंध उरत नाही. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

याच्या उलट रोग म्हणजे गिअर फिअर. चांगली बंदूक स्टॅशमध्ये, म्हणजे खेळातल्या आपल्या गोदामात, ठेवायची, तिला पुसूनपुसून बघायची आणि रेडला मात्र मोडकी घेऊन जायची. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं होतं की जेवढं मिळाल्याचा आनंद होतो त्याहून तेवढंच गमावल्याचं दुःख मोठं असतं. त्यांनी टार्कोव्ह खेळला नव्हता, पण माझा स्टॅश पाहिला असता तर ओळखला असता. मी यावर काढलेला उपाय ओबडधोबड आहे: जे किट मी आणखी दोनदा उभं करू शकत नाही, ते न्यायचं नाही. तीन वेळा परवडत असेल तर नक्की न्यायचं, कारणं सांगायची नाहीत. यामुळे माझी मधली पातळी स्थिर झाली. फार गरीब रेड नाहीत, फार शाही रेड नाहीत, मेल्यावर जेवण गोड लागतं.

याच प्रकारचा हंट: शोडाउन मी थोडाच खेळलो, पण एका गोष्टीसाठी त्याचं नाव घ्यायलाच हवं. तिथे बाऊंटी, म्हणजे मारलेल्या राक्षसाचं बक्षीस, उचलली की तुम्ही कुठे आहात ते इतरांना नकाशावर दिसतं. मौल्यवान माल हाती आला की माणूस शिकार होतो, ही गोष्ट त्या खेळाने उघड करून टाकली. बाकीच्या दोघांत ती लपलेली असते, पण असते तशीच. बॅग भरली की मी वेगळा चालतो, भिंतीला धरून, थांबत थांबत, आणि मला पाहणाऱ्याला ते कळत असणार.

खटकलेलं सांगायचं तर, या खेळांना तुमच्या संध्याकाळी लागतात आणि त्या परत मिळत नाहीत. तासभर तयारी, पाच मिनिटांत मरण, पुन्हा तयारी. एकदा माझ्याच पायाने राउटरची वायर निघाली आणि चांगली भरलेली बॅग आतच राहिली, तर घरात दोन तास कोणी माझ्याशी बोललं नाही, म्हणजे मीच बोललो नाही. तीन रेड सलग हरल्यावर चौथा खेळायचा नाही, हा नियमही वहीत आहे. बऱ्याचदा पाळतो.

घ्यावा का? हरलेली गोष्ट झटकन सोडून देता येत असेल तर आर्क रेडर्सपासून सुरुवात करा, तो दयाळू आहे. टार्कोव्ह नंतर. आणि वही पहिल्या दिवसापासून घाला, मी उशीर केला.

परवाच स्टॅश आवरला. आर्क रेडर्समध्ये हॅचची किल्ली असली की एलिव्हेटरची वाट न बघता, गाजावाजा न करता झाकण उघडून खाली उतरता येतं. एका वेळी एक किल्ली खर्च होते. माझ्याकडे अकरा निघाल्या. त्या सांभाळून ठेवल्यात, अडीअडचणीला लागतील म्हणून, आणि गेल्या आठवड्यात मी दोनदा एलिव्हेटरसमोर उभा राहून मेलो.