बाबांची गोव्याची वही आणि बाइंडर काका

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात बाइंडिंग करणारे काका आहेत. वडिलांची १९५५ सालची वही मी त्यांच्याकडे दिली होती. त्याआधी दुसऱ्या एका दुकानात लॅमिनेशनच्या नादात तिचं एक पान कायमचं गेलं. तो राग अजून गेलेला नाही.

बाबा तेव्हा २२ वर्षांचे. १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्यात शिरले, तेव्हापासून त्यांचं घरात लक्ष नव्हतं. इंग्रज गेले, फ्रेंचांनीही १९५४ मध्ये पाँडिचेरी सोडली. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १९५१ मध्येच घटना बदलून गोव्याला वसाहतीऐवजी पोर्तुगालचा प्रांत ठरवलं होतं, त्यामुळे बोलणी करायलाही तो तयार नव्हता. १५ ऑगस्टला बाबा पत्रादेवीच्या बाजूने नि:शस्त्र आत गेले. त्या दिवशी गोव्याच्या सरहद्दीवर पोर्तुगिजांच्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मेले. बाबांचं उजवं मनगट बंदुकीच्या दस्त्याने मोडलं. पुढची पानं त्यांनी डाव्या हाताने लिहिलीत, पाटीवर गिरवल्यासारखी.

काकांनी पानं सुटी करताना विचारलं, "ताई, ही वही दोघांनी लिहिलीय का?" मी सांगितलं. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली आणि पहिल्यापासून पानं चाळली.

मग काम काय केलंय! गंजलेल्या पिना एकेक काढल्या, पेन्सिलने पानांना आकडे घातले, मशीनऐवजी हाताने जुजबंदी, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने एकमेकांना जोडणारी शिवण, घातली. खळीत मोरचूद घातलं, म्हणजे कसर लागणार नाही. अक्षरं पार कडेपर्यंत आलीत म्हणून कटिंग केलंच नाही. शेवटचं पान एरवी पुठ्ठ्याला चिकटून गेलं असतं. त्यावर १९ डिसेंबर १९६१ ची एकच ओळ आहे, 'पणजी सुटली', पुन्हा उजव्या हाताची. काकांनी पुढे-मागे नवे कोरे कागद घालून ते पान मोकळं ठेवलं.

आठ दिवस म्हणाले होते, लागले २२. फोन उचलत नाहीत. वहीच्या पाठीवरचं वर्ष जरा तिरपं उमटलंय. ६५० रुपये घेतले, तेही रोख. मला ते कमीच वाटले.

जुनी कागदपत्रं नेणार असाल तर सुती कापडात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत पानं दमट होतात, असं काकांनी मला दोनदा बजावलंय.