सात दिवसांचं डाएट की एक भाकरी कमी?

लग्न आठवड्यावर आलं असेल तर फक्त फळं-भाज्यांवर सात दिवस काढायचा मोह समजतो. काटा पटकन खाली येतोही. पण सुरुवातीला घटतं ते बरंचसं पाणी: शरीरातल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेसोबत) सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, नेहमीचं जेवण सुरू झालं की ते परत येतं. त्यात सोलापूरचा उन्हाळा! मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. साखर धोकादायक उतरू शकते.

मी दुसऱ्या, कंटाळवाण्या बाजूचा. ज्वारीची भाकरी एक कमी, पालेभाजी-डाळ जास्त, संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी चालणं. शेंगाचटणी मात्र बेतानं: १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी, वर आपण तेल ओततो ते वेगळंच. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ.